थिंद खटल्यातील ‘आर्य’ : एक बौद्ध चिकित्सा

देवबाग हे गाव म्हणजे अरबी समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये उरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. मालवण तालुक्याच्या या टोकाला शेतीला जागा थोडी. म्हणून येथील आणि आसपासच्या गावांतील माणसे पिढ्यान् पिढ्या बाहेर गेली. कोणी मुंबईच्या गिरणीत व गोदीत गेले, कोणी बोटीवर खलाशी झाले, पुढे कोणी आखाती देश गाठले. परक्या मुलखात उतरलेल्या माणसाला तेथे कोणती वागणूक मिळते, हे या किनाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

येथे वर्षावासात सुत्तनिपाताचे वाचन चालू असताना बोटीवर नोकरी करून परतलेल्या एका उपासकाने एक प्रश्न विचारला. परदेशात आपल्याला काळे म्हणून हिणवणारा गोरा माणूस ब्राह्मण आणि बौद्ध असा भेद करीत नाही. मग निदान तेथे तरी आपण सारे भारतीय एकच नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक होता. त्याला भावनेने उत्तर देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. परदेशातील भारतीयांवर झालेल्या अन्यायाच्या इतिहासात एक असा दस्तऐवज आहे की ज्याची चिकित्सा केल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तो म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९२३ साली निकालात निघालेला भगतसिंग थिंद यांचा खटला. या खटल्यात थिंद यांच्या वतीने केलेला युक्तिवाद आणि त्यावर न्यायालयाने दिलेले उत्तर या दोहोंचे वाचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दाराबाहेरची माणसे

प्रथम अन्यायाची नोंद स्वच्छपणे केली पाहिजे. अमेरिकेने १७९० च्या कायद्यान्वये परदेशात जन्मलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या’ व्यक्तींना नागरिकत्व देऊ केले. यादवी युद्धानंतर १८७० साली आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी दुसरे दार उघडण्यात आले. या दोन दारांच्या मध्ये सारा आशिया ताटकळत उभा राहिला. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना बंदी झाली. ४ सप्टेंबर १९०७ रोजी वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम येथे लाकूड गिरण्यांत काम करणाऱ्या भारतीय मजुरांवर, ज्यांत बहुसंख्य शीख होते, गोऱ्या जमावाने हल्ला करून त्यांना गावातून हाकलून लावले. फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून आशियाचा फार मोठा भाग प्रतिबंधित क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्या क्षेत्रात भारत होता.

जे आधीच तेथे पोचले होते त्यांच्यापुढे नागरिकत्वाचा प्रश्न होता, आणि कायद्याने त्यांना एकच मार्ग ठेवला होता : आपण गोरे आहोत असे सिद्ध करा. १८७८ ते १९५२ या काळात असे पन्नासहून अधिक खटले नोंदले गेले. एक अपवाद सोडला तर प्रत्येक अर्जदाराने गोऱ्यांचेच दार ठोठावले. शेजारचे आफ्रिकी वंशाचे दार कायद्याने उघडे होते, पण त्याकडे जाण्याची कोणाची इच्छा नव्हती. ज्यांची गणना काळ्यांत होईल त्यांच्या वाट्याला अमेरिकेत काय येते, हे प्रत्येक जण पाहत होता.

नोव्हेंबर १९२२ मध्ये ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थांचा खटला निकालात निघाला. ओझावा अमेरिकेत शिकले होते, घरी इंग्रजी बोलत होते, मुलांना अमेरिकी शाळांत घालीत होते. न्यायालयाने त्यांच्या चारित्र्याविषयी शंका घेतली नाही. फक्त ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ वंशाचा आणि जपानी माणूस त्या वंशाचा नाही, असे सांगून अर्ज फेटाळला. हा निकाल भारतीयांना आशेचा वाटला. कारण त्या काळचे युरोपीय वंशशास्त्र उत्तर भारतातील लोकांना कॉकेशियन म्हणत होते.

२. थिंद यांची कैफियत

भगतसिंग थिंद हे अमृतसर जिल्ह्यातील शीख तरुण १९१३ साली अमेरिकेत आले. ऑरेगॉनमध्ये त्यांनी लाकूड गिरणीत काम केले आणि १९१८ साली पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते अमेरिकी सैन्यात दाखल झाले. १९२० साली ऑरेगॉनमधील न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. सरकारने त्याविरुद्ध अपील केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. थिंद यांच्या वकिलांत सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियात वकिली करणारे गृहस्थ होते. त्यांचा जन्म अहमदाबादेतील ब्राह्मण कुटुंबातला. नावाची घडण मात्र मराठी वाचकाच्या कानाला ओळखीची आहे.

न्यायालयापुढे निर्णयासाठी आलेल्या प्रश्नातच ‘उच्च जात’ हे शब्द होते. अमृतसर येथे जन्मलेला, शुद्ध भारतीय रक्ताचा, उच्च जातीचा हिंदू हा गोरा माणूस आहे काय, असा तो प्रश्न. ज्या शीख परंपरेने जन्माधिष्ठित उच्चनीचतेचा निषेध केला त्या परंपरेत वाढलेला माणूस न्यायालयात ‘उच्च जातीचा हिंदू’ म्हणून उभा केला गेला. थिंद यांच्या मनात काय होते ते आपण सांगू शकत नाही. परंतु त्यांच्या वतीने जे लिहिले गेले ते आपल्यापुढे आहे, आणि चिकित्सा करावयाची ती त्या लिखाणाची.

युक्तिवादाचे सूत्र असे : पंजाबातील उच्च जातीचे लोक आर्य आहेत, आर्य हे कॉकेशियन आहेत, म्हणून ते गोरे आहेत. आर्यांनी भारत जिंकला आणि जातिव्यवस्थेच्या योगे आपले रक्त शुद्ध राखले. याच्या पुष्ट्यर्थ एक तुलना केली गेली. विवाहसंबंधाच्या दृष्टीने अमेरिकी गोरा माणूस निग्रोकडे जसा पाहतो तसाच उच्च जातीचा हिंदू भारतातील मूळ रहिवाशांकडे पाहतो, असे न्यायालयाला सांगण्यात आले. आम्ही तुमच्यासारखे आहोत, कारण तुम्ही ज्याप्रमाणे काहींना दूर ठेवता त्याप्रमाणे आम्हीही काहींना दूर ठेवतो, असा याचा अर्थ होतो.

यावर एक बचाव नेहमी मांडला जातो आणि तो सरळ बाजूला सारण्यासारखा नाही. कायदा वंशभेदी होता. वकिलाचे काम अशिलाला नागरिकत्व मिळवून देण्याचे होते, समाजक्रांती करण्याचे नव्हते. म्हणून ही केवळ वकिली युक्ती समजावी, असे म्हणतात. कायद्याने वंश सिद्ध करण्याची सक्ती केली होती हे खरे. परंतु मूळ रहिवाशांविषयीचा तिरस्कार पुरावा म्हणून सादर करण्याची सक्ती कोणत्याही कायद्याने केली नव्हती. ती भर स्वेच्छेची होती. संकटात सापडलेला माणूस वाचण्यासाठी काय पुढे करतो यावरून तो कशाला आपली ठेव समजतो ते कळते. या कैफियतीत ठेव म्हणून पुढे आली ती अस्पृश्यता व जातिबंधन.

परदेशस्थ भारतीयांच्या संघर्षाच्या कथा सांगणारी लेखने या खटल्याचा उल्लेख अभिमानाने करतात, सैनिक थिंद यांच्यावरील अन्यायाचे वर्णन करतात, आणि कैफियतीतील हा भाग एक तर गाळतात किंवा एका वाक्यात उरकतात. आपली तक्रार नेमकी येथे आहे. जखमेचा इतिहास लिहिताना ती झाकण्यासाठी दुसऱ्याच्या अंगावरचे कातडे ओढले गेले असेल, तर तेही लिहिले पाहिजे.

३. न्यायालयाचे उत्तर

१९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी एकमताचा निकाल दिला. अवघ्या तीन महिन्यांपूर्वी ओझावा यांना ‘कॉकेशियन’ नाही म्हणून परतवणाऱ्या या न्यायालयाने आता सांगितले की कॉकेशियन असणे पुरेसे नाही. ‘गोरा’ शब्दाचा अर्थ शास्त्रज्ञांकडून नव्हे, तर सामान्य माणसाच्या समजुतीतून ठरवायचा. म्हणजे शास्त्र उपयोगी पडले तेव्हा शास्त्र, आणि शास्त्र अडचणीचे झाले तेव्हा लोकसमजूत. मनुस्मृतीच्या समर्थकांची तर्कपद्धती ज्यांना परिचित आहे त्यांना या निकालाची रीत अपरिचित वाटणार नाही. श्रुती अनुकूल असेल तेथे श्रुती प्रमाण, नसेल तेथे रूढी प्रमाण.

साम्य येथे संपत नाही. न्यायालयाने असेही म्हटले की आपण श्रेष्ठ-कनिष्ठतेचा प्रश्न उपस्थित करीत नसून फक्त भिन्नतेविषयी बोलत आहोत. चातुर्वर्ण्य म्हणजे उच्चनीचता नव्हे, केवळ कामाची विभागणी होय, असे सांगणारे विद्वान आपल्याकडे आजही भेटतात. दोन खंडांतील दोन व्यवस्था, पण वर बसलेल्याची भाषा एकच.

निकालातील आणखी एका मुद्द्याकडे आंबेडकरी वाचकाने विशेष लक्ष द्यावे. आर्य हा शब्द भाषेशी संबंधित आहे, वंशाशी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे, आर्य आणि द्रविड यांचे मिश्रण झालेले आहे आणि ते रोखण्यासाठी असलेले जातीचे नियम पूर्णतः यशस्वी झालेले दिसत नाहीत, असेही नमूद केले. जातीने रक्त शुद्ध राखले, हा कैफियतीचा आधारस्तंभ न्यायालयाने काढून घेतला. वस्तुस्थिती म्हणून न्यायालयाचे हे म्हणणे खरे होते. अन्यायी होता तो त्यातून काढलेला निष्कर्ष. रक्त मिसळलेले आहे, म्हणून तुम्ही बाहेर.

४. त्याच अमेरिकेत बाबासाहेब

थिंद अमेरिकेत आले त्याच १९१३ साली, त्याच जुलै महिन्यात, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव रामजी आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध झाला. पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने त्यात सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या व्याख्या तपासून सिद्ध केले की जातीचे खरे लक्षण अंतर्विवाह हेच आहे.

यांतील केतकर म्हणजे पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना त्यांनी जातीच्या इतिहासावरील आपला ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला होता. हिंदू पृथ्वीच्या इतर भागांत गेले तर जात हा जगाचा प्रश्न बनेल, हे त्यांचे म्हणणे बाबासाहेबांनी आपल्या निबंधाच्या आरंभीच उद्धृत केले. दोन मराठी भाषक, एक ब्राह्मण आणि एक अस्पृश्य गणला गेलेला, परक्या भूमीवर बसून एकाच धोक्याकडे बोट दाखवीत होते. सात वर्षांनी थिंद यांच्या कैफियतीने तो धोका वॉशिंग्टनच्या न्यायालयात प्रत्यक्ष उभा केला.

आता हे दोन पाठ शेजारी ठेवून पाहावेत. अंतर्विवाहाला बाबासाहेबांनी रोगाचे मूळ म्हटले. कैफियतीने त्यालाच आरोग्याचा दाखला म्हणून दाखवले. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ या प्रबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की भारतातील लोकांचे रक्त मिसळून गेल्यानंतर फार उशिरा जात अस्तित्वात आली, म्हणून जात वंशशुद्धीचे साधन असूच शकत नाही. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी आर्यवंशाच्या सिद्धान्ताची सविस्तर तपासणी करून तो नाकारला. ‘अस्पृश्य’ या १९४८ च्या ग्रंथात नासिकामानाची आकडेवारी घेऊन ब्राह्मण व अस्पृश्य वेगवेगळ्या वंशांचे नाहीत हे दाखवले. सदरलँड यांना रक्तमिश्रण दिसले आणि त्यांनी दार बंद केले. बाबासाहेबांना तेच रक्तमिश्रण दिसले आणि त्यांनी विचारले, मग भिंत कशाच्या आधारावर उभी आहे? वस्तुस्थिती एकच असली तरी माणसाकडे पाहण्याची दृष्टी कोणती, यावर निष्कर्ष ठरतो.

जुलै १९४६ मध्ये अमेरिकेने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क दिला. त्यासोबत येणाऱ्यांसाठी वर्षाला अवघ्या १०० जणांची मर्यादा घातली. त्याच सुमारास बाबासाहेबांनी निग्रो समाजाचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागितली आणि अस्पृश्य व निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला. द्यू बॉइस यांनी त्यांना आस्थेने उत्तर दिले. थिंद यांच्या कैफियतीने जे शेजारचे दार तिरस्काराने टाळले होते तेच दार बाबासाहेबांनी आपण होऊन ठोठावले. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, ते याच परंपरेत.

५. कैफियतीत नसलेली माणसे

‘भारतीय’ या एका शब्दाखाली उच्च जातीची कैफियत पुढे आली, तेव्हा तिच्यात कोण नव्हते हेही पाहिले पाहिजे. यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मालवण तालुका त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. या रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सावंतवाडी संस्थानातून एकोणिसाव्या शतकात अनेक कुटुंबे मुंबई बंदरातून करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर त्या बेटावर उतरले. त्यांत मराठी बोलणाऱ्यांचा एक गट होता आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरताना मजुराला क्रमांक मिळे. नोंदवहीत त्याचे नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव आणि जात लिहिली जाई. एक दिवस कामाला गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. तो नसेल तर भटका म्हणून अटक होई. १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ या युरोपीय माणसाच्या साहाय्याने या जुन्या मजुरांपैकी नऊ हजारांहून अधिक जणांनी सह्या-अंगठे करून गव्हर्नरकडे अर्ज दिला, आणि त्यातून १८७२ साली शाही चौकशी आयोग नेमला गेला.

हा अर्ज आणि १९२३ ची कैफियत यांतील अंतर लक्षणीय आहे. अर्जदार मजुरांनी आपण कोणत्या कुळातले हे सांगितले नाही. परवाना, मारहाण, कापलेली मजुरी, अकारण अटक, हे त्यांचे मुद्दे होते. जात विचारून लिहून घेतली ती मळेवाल्यांच्या राजवटीने. माणसाला माणसाप्रमाणे वागवा, एवढीच मागणी करणाऱ्यांची ही परंपरा आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे, आणि तिचा अभिमान बाळगण्यास आपल्याला कोणाला खाली लोटावे लागत नाही.

६. निकालानंतर

थिंद निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वे काढून घेण्याचा सपाटा लावला. चाळीसहून अधिक भारतीयांचे नागरिकत्व रद्द झाले. सॅन फ्रान्सिस्को येथे व्यापार करणारे वैष्णोदास बगाई हे त्यांतील एक. नागरिकत्व गेले, त्याबरोबर मालमत्ता धरण्याचा हक्क गेला, भारतात जाऊन येण्यासाठी पासपोर्टही नाकारला गेला. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. या दुःखापुढे कोणाही करुणावंताने मस्तक नमवावे. पीडिताची कैफियत सदोष होती म्हणून पीडा खोटी ठरत नाही, हे आंबेडकरी वाचकाला वेगळे सांगावयास नको.

सखाराम गणेश पंडित यांच्यावरही नागरिकत्व रद्द करण्याचा खटला झाला. त्यांना १९१४ साली नागरिकत्व मिळाले होते, त्यावर विसंबून त्यांनी वकिलीची सनद मिळवली होती, विवाह केला होता. त्यांनी स्वतःचा बचाव केला आणि ते जिंकले. १९२६ साली अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्याचे नाकारले. हा विजय वंश सिद्ध करून मिळालेला नव्हता. न्यायालयाने एकदा अंतिमतः दिलेला निर्णय सरकारला मागाहून उकरता येणार नाही, या तत्त्वावर तो मिळाला. जन्माचा दावा अशिलाच्या खटल्यात निरुपयोगी ठरला. वकिलाला स्वतःला तारले ते सर्वांना सारख्या लागू होणाऱ्या न्यायतत्त्वाने. पुढे थिंद यांना १९३६ साली नागरिकत्व मिळाले, तेही माजी सैनिकांसाठी झालेल्या १९३५ च्या कायद्याखाली. म्हणजे केलेल्या सेवेमुळे, कुळामुळे नव्हे.

७. अरिय म्हणजे कोण

या साऱ्या वादाचा कणा ‘आर्य’ हा शब्द आहे, आणि त्या शब्दाविषयी तथागतांच्या शासनाला काही सांगावयाचे आहे. पालीत तो ‘अरिय’ होतो. चार अरियसत्ये, अरिय अष्टांगिक मार्ग, अरियपुग्गल, या सर्व ठिकाणी त्याचा अर्थ आचरणाने श्रेष्ठ असा आहे. धम्मपदाच्या धम्मट्ठवग्गात स्पष्टच सांगितले आहे की प्राण्यांची हिंसा करणारा अरिय नव्हे. सर्व प्राण्यांविषयी अहिंसा बाळगणारा अरिय होय. एका कुळाने मिरवलेला शब्द भगवंतांनी सर्वांसाठी खुला केला.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त हे तर या खटल्याला दिलेले उत्तरच वाटावे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांत वाद होतो : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? भगवान त्यांना गवत, वृक्ष, कीटक, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांच्यातील जातिभेदाची लक्षणे दाखवतात आणि सांगतात की माणसांच्या केसांत, डोळ्यांत, नाकात, ओठांत, वर्णात अशी जातिनिदर्शक लक्षणे सापडत नाहीत. शेती करणारा शेतकरी, व्यापार करणारा व्यापारी. माणसांतील भेद नावापुरते आणि व्यवसायापुरते आहेत. वर्ण आणि नाक या ज्या दोन गोष्टींवर विसाव्या शतकातील वंशशास्त्राने आपली इमारत उभारली त्याच तेथे नावे घेऊन बाजूला सारलेल्या आहेत. आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मलेले आणि थिंद यांच्याच काळात हार्वर्ड येथे विसुद्धिमग्गाच्या संपादनावर काम केलेले धर्मानंद कोसंबी यांनी सुत्तनिपात मराठीत आणला, म्हणून हे सुत्त आज आपल्या विहारांत वाचले जाते.

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात भगवान परदेशाचा दाखला देतात. योन, कंबोज आणि अन्य सीमावर्ती जनपदांत अय्य आणि दास असे दोनच वर्ण असतात; तेथे अय्य दास होतो आणि दास अय्य होतो, हे तू ऐकले आहेस ना, असे ते अस्सलायनाला विचारतात. परमुलखाचे ज्ञान भगवंतांनी जात मोडण्यासाठी वापरले. कैफियतीने स्वदेशाची जात परमुलखात जागा मिळवण्यासाठी वापरली.

बौद्धांनाही या अमेरिकेत कसोटीला तोंड द्यावे लागले. ७ डिसेंबर १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर प्रथम अटक झालेल्यांत जपानी बौद्ध भिक्षू-पुरोहित होते. पुढे सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकी नागरिक होते. त्यांनी छावणीतील टाकाऊ लाकडातून पूजास्थाने घडवली आणि वंदना चालू ठेवली. १९४४ साली टोपाझ येथील छावणीत त्यांच्या संघटनेने आपल्या नावात ‘चर्च’ हा शब्द घेतला. दडपणाखाली ते वाकले असे म्हणता येईल. परंतु वाकताना त्यांनी दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर पाय दिला नाही.

८. आजचा प्रश्न

हा इतिहास संपलेला नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतील सिॲटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तशाच आशयाचे विधेयक संमत केले, परंतु ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपालांनी अस्तित्वातील कायदे पुरेसे असल्याचे कारण देऊन त्यावर सही करण्याचे नाकारले. विधेयकाच्या विरोधकांचा एक मुख्य आक्षेप असा होता की अशा कायद्याने सर्व भारतीयांकडे संशयाने पाहिले जाईल. आधीच वंशद्वेष सोसणाऱ्या स्थलांतरितांवर हा नवा अन्याय होईल.

वंशद्वेषाची भीती काल्पनिक नाही. बेलिंगहॅमपासून आजवर तिचे पुरावे आहेत. परंतु या आक्षेपाची घडण १९२३ च्या कैफियतीची आहे. तेव्हा जात दाखवून वंशभेदातून सुटका मागितली गेली. आता वंशभेद दाखवून जातीची झडती टाळण्यात येत आहे. दोन्ही वेळा मध्ये उभा असलेला दलित स्थलांतरित अदृश्य केला जातो. गोरा माणूस त्याला भारतीय म्हणून हिणवतो आणि भारतीय त्याचे आडनाव विचारतो. नकाराच्या त्या निर्णयानंतर आठवडाभराने, १४ ऑक्टोबर २०२३ रोजी, मेरीलँडमध्ये राम सुतार यांनी घडवलेला बाबासाहेबांचा भव्य पुतळा उभा राहिला, तो याच स्थलांतरितांच्या वर्गणीतून व श्रमातून.

म्हणून त्या उपासकाच्या प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागेल. परदेशात आपण सारे एक होऊ शकतो. पण केवळ अपमान एक आहे म्हणून ऐक्य होत नाही. मागणी एक असेल तर होते. ‘आम्हाला वर घ्या’ ही एक मागणी आहे आणि ‘वर-खाली ही रचनाच मोडा’ ही दुसरी. पहिली मागणारा आणि दुसरी मागणारा एकाच बोटीतून प्रवास करीत असले तरी त्यांचे बंदर एक नाही.

ही कसोटी दुसऱ्यांना लावून आपण मोकळे होणार नाही. आज या किनाऱ्यावरील आंब्याच्या बागा राखायला आणि मासेमारीच्या बोटींवर राबायला नेपाळातून माणसे येतात. बागेतल्या खोपीत ती कुटुंबासह राहतात, हंगाम संपला की जातात किंवा येथेच रुजतात. तथागतांच्या जन्मभूमीतून आलेल्या या माणसांना गावात कोणी नावाने हाक मारीत नाही. सरसकट ‘गुरखा’ म्हणतात. ती आपल्या दारी येणारी आशियाई स्थलांतरितच आहेत. पुढच्या वर्षावासात वासेट्ठसुत्त वाचले जाईल तेव्हा विहाराच्या सतरंजीवर त्यांच्यापैकी कोणी बसलेले असेल काय, याचा विचार आपण उपासकांनी आताच करावयास हवा.